गल्ली कोणती, घर कोणतं? संगणकाचा पत्ता समजून घेऊया

(सामुदायिक रेडिओवरून झालेलं भाषण)



आजचा विषय ऐकून काहीजणी रेडिओचा आवाज बारीक करतील, अशी आम्हाला धास्ती आहे. विषय आहे संगणकाचा पत्ता, म्हणजे आयपी ॲड्रेस, आणि त्याच्याबरोबर येणारा सबनेट मास्क. पण जरा दम धरा. ही दोन नावं आम्हालाही गेल्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हती, आणि ठाऊक नव्हती म्हणून आमच्या प्रभागसंघाचे नऊ हजार रुपये जाता जाता राहिले. ती हकीकत आधी सांगतो, मग हिशेब समजावतो. हाताशी कागद-पेन असू द्या. भाकरी थापत असाल तर लेकीला किंवा सुनेला लिहायला बसवा.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडाची गोष्ट. आमच्या ऑफिसात दोन संगणक, एक प्रिंटर आणि एक राऊटर. राऊटर म्हणजे ती दिवे लुकलुकणारी इंटरनेटची पेटी. एका संध्याकाळी वळवाचा पाऊस आला, वीज कडाडली आणि राऊटर जळाला. दोन दिवसांनी नवीन राऊटर बसला. इंटरनेट सुरू झालं, मोबाईलवर व्हॉट्सॲप वाजायला लागलं, आम्ही सुटकेचा श्वास घेतला. पण प्रिंटर काही केल्या कागद बाहेर काढीना.

दिवस शुक्रवारचा. सोमवारी ११ गटांचे कर्जप्रस्ताव बँकेत द्यायचे होते. कुणाला म्हैस घ्यायची होती, कुणाला शिलाई मशीन, एकीला लेकीची कॉलेजची फी भरायची होती. दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने प्रिंटर पुढून मागून बघितला आणि म्हणाला, "विजेनं ह्याचं कार्ड गेलंय. नवीनच घ्या, नऊ हजाराच्या आसपास येईल." तातडीची सभा घेतली. गटांच्या वर्गणीतून साठलेले पैसे होते. खजिनदार ताईंनी चेकबुक बाहेर काढलं.

तेवढ्यात मागच्या बाकावरून एक मावशी म्हणाल्या, "अगं, जळलाय म्हणता, मग मघाशी माझ्या आधारकार्डाची झेरॉक्स कशी काढली त्यानं?"

सगळ्या गप्प झालो. खरंच होतं. प्रिंटर स्वतःची झेरॉक्स व्यवस्थित काढत होता. संगणकावरून पाठवलेला कागद मात्र त्याच्यापर्यंत पोचत नव्हता. म्हणजे प्रिंटर धडधाकट होता आणि बिघाड वाटेत होता.

आमच्यातल्या एकीची लेक कोल्हापूरला पॉलिटेक्निकला शिकते. तिला फोन लावला. तिने तीन प्रश्न विचारले. प्रिंटरचा नंबर काय? संगणकाचा नंबर काय? आणि मास्क काय? प्रिंटरच्या पाठीवर जुनी चिठ्ठी चिकटवलेली होती, तिच्यावर लिहिलं होतं १९२.१६८.१.२००. संगणकाचा नंबर कुठे बघायचा ते तिने सांगितलं. तो निघाला १९२.१६८.०.१२. मास्क निघाला २५५.२५५.२५५.०.

पोरगी हसली आणि म्हणाली, "मावशी, तुम्ही सगळ्या नव्या गल्लीत राहायला गेलात. प्रिंटर बिचारा जुन्याच गल्लीत राहिलाय."

अर्ध्या तासात प्रिंटर सुरू झाला. एक रुपया लागला नाही. पण ती काय बोलली ते आम्हाला कळलं नव्हतं. ते कळून घ्यायला आम्हाला पुढे महिनाभर लागला. तेच आज तुम्हाला सांगायचंय.

पत्त्याचे दोन भाग

आधी आपल्या ओळखीच्या पत्त्याकडे बघू. पिनकोड. देशात पिनकोड सुरू झाला १५ ऑगस्ट १९७२ रोजी. ही पद्धत आखली श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. केंद्र सरकारच्या दळणवळण खात्यातले हे अधिकारी मराठी होते आणि संस्कृतचे मोठे जाणकार होते. एकाच नावाची गावं देशभर, त्यात पत्ता वेगवेगळ्या भाषांत आणि अक्षरांत लिहिलेला. पत्र नेमकं कुठे जायचं ते कळायला एक आकडा हवा, म्हणून पिनकोड.

आता लिहा: इचलकरंजी ४१६११५, सांगली ४१६४१६, सावंतवाडी ४१६५१०. तिन्हींच्या सुरुवातीला ४१६ आहे. हे पहिले तीन आकडे सांगतात, पत्रं कुठल्या मोठ्या भागात जायचंय. कोल्हापूर, सांगली, सिंधुदुर्ग असा तो भाग. शेवटचे तीन आकडे सांगतात, त्या भागातलं कुठलं पोस्ट ऑफिस. दिल्लीत पत्रं वेगळी करणारा माणूस शेवटचे तीन आकडे बघत बसत नाही. ४१६ दिसलं की पत्र ह्या बाजूच्या थैलीत पडतं. बाकीचं इथली माणसं बघतात.

संगणकाचा पत्ता असाच दोन भागांचा असतो. पहिला भाग म्हणजे गल्ली, दुसरा भाग म्हणजे त्या गल्लीतलं घर. पण एक फरक आहे, आणि सगळी गंमत त्या फरकातच आहे. पिनकोडमध्ये फाळणी कायमची ठरलेली आहे, तीन आकडे इकडे आणि तीन तिकडे. संगणकाच्या पत्त्यात ही फाळणी सरकते. कुठे गल्ली मोठी असते, कुठे लहान. त्यामुळे नुसता पत्ता बघून गल्ली कुठे संपली आणि घर कुठे सुरू झालं ते कळत नाही. ते सांगायला पत्त्याच्या जोडीला दुसरा आकडा द्यावा लागतो. त्याचंच नाव सबनेट मास्क.

तराजू आणि आठ वजनं

संगणकाच्या पत्त्यात टिंबांनी तोडलेले चार आकडे असतात. प्रत्येक आकडा ० ते २५५ यांपैकीच असतो. २५५च का? ३०० का नाही? तर त्याचा संबंध तराजूशी आहे.

समजा, दुकानात आठच वजनं आहेत. १, २, ४, ८, १६, ३२, ६४ आणि १२८. प्रत्येक वजन एकच. एकतर ते पारड्यात टाकायचं, नाहीतर खाली ठेवायचं. पाच मोजायचे झाले तर ४ आणि १. दोनशे मोजायचे झाले तर १२८, ६४ आणि ८. करून बघा. ० पासून पुढचा कुठलाही आकडा ह्या आठ वजनांत बसतो. आठही वजनं टाकली की बेरीज होते २५५. त्याच्यापुढे वजनच शिल्लक नाही.

संगणकाला 'आहे' आणि 'नाही' एवढंच कळतं. वजन पारड्यात आहे किंवा नाही. म्हणून त्याचे आकडे असे बनतात. एका पत्त्यात चार आकडे, म्हणजे चार पारडी, प्रत्येकात आठ जागा. एकूण ३२. सगळ्या जगाच्या संगणकांचे पत्ते ह्या ३२ जागांत बसवण्याचं १९८१ मध्ये ठरलं. आज आपल्या ऑफिसात दिसतो तो हाच पत्ता.

मास्क काय सांगतो

आता आमचा मास्क परत बघा: २५५.२५५.२५५.०.

वाचायची रीत सोपी आहे. मास्कमध्ये जिथे २५५ आहे, तिथला पत्त्याचा आकडा गल्लीचा. जिथे ० आहे, तिथला आकडा घराचा. पत्ता १९२.१६८.०.१२ आणि मास्क २५५.२५५.२५५.० असेल, तर गल्लीचं नाव १९२.१६८.० आणि घर नंबर १२.

हा मास्क कुणाच्या कामाचा? तर खुद्द संगणकाच्या. दुसऱ्या यंत्राला काही पाठवायचं झालं की संगणक आधी एकच प्रश्न विचारतो: हा माझ्याच गल्लीतला आहे की बाहेरचा?

आपणही तेच करतो. शेजारच्या काकूंना हळदीकुंकवाचं बोलावणं द्यायचं असेल तर आपण दारातून हाक मारतो. पुण्याच्या नणंदेला बोलावणं धाडायचं असेल तर ते पोस्टाने किंवा फोनने जातं. शेजारच्या काकूंना कुणी पोस्टाने पत्र टाकत नाही आणि पुण्याच्या नणंदेला कुणी दारातून हाक मारत नाही.

संगणक मास्क घेऊन दोन्ही पत्त्यांचे गल्लीचे आकडे जुळवतो. जुळले तर सरळ हाक मारतो. नाही जुळले तर तो निरोप वेशीकडे नेऊन देतो. इथे वेस म्हणजे राऊटर. संगणकाच्या भाषेत तिला गेटवे म्हणतात, आणि अर्थही तोच, बाहेर जायची वाट. गावाबाहेर जाणारी प्रत्येक गोष्ट वेशीतून जाते, तशी गल्लीबाहेर जाणारी प्रत्येक गोष्ट राऊटरमधून जाते.

मग आमच्या प्रिंटरचं काय झालं होतं?

आता तुम्हीच सांगू शकाल. जुना राऊटर होता तेव्हा सगळ्यांची गल्ली १९२.१६८.१ ही होती. प्रिंटरचा पत्ता कुणीतरी हाताने घालून कायमचा केला होता, म्हणून तो चिठ्ठीवर लिहिलेला. नवीन राऊटर आला, त्याच्या कंपनीने त्याच्यात गल्ली भरून दिली होती १९२.१६८.०. संगणक आणि मोबाईल आपापले पत्ते राऊटरकडून मागून घेतात. राऊटर घर नंबर वाटत असतो, जसा ग्रामपंचायतीचा माणूस दारावर नंबरची पाटी ठोकत जातो. त्यामुळे सगळे नव्या गल्लीत आपोआप गेले. प्रिंटरने पत्ता मागितलाच नाही, कारण त्याला कायमचा पत्ता दिलेला होता. तो जुन्या गल्लीतच राहिला.

संगणकाने प्रिंटरला कागद पाठवायला घेतला. मास्क लावून बघितलं. आपला तिसरा आकडा ०, प्रिंटरचा तिसरा आकडा १. जुळत नाही. म्हणजे प्रिंटर बाहेरचा. प्रिंटर टेबलावर दोन हातांवर होता, पण संगणकाच्या लेखी तो परगावचा होता. त्याने निरोप राऊटरकडे दिला. राऊटरच्या माहितीत त्या नावाची गल्लीच नव्हती. निरोप हरवला.

इंटरनेट मात्र सुरू होतं, कारण त्यासाठी संगणक आणि वेस ह्यांचंच जुळावं लागतं, आणि ते जुळत होतं. म्हणून तर आम्ही फसलो. इंटरनेट आहे म्हणजे सगळं ठीक आहे, आणि प्रिंटर चालत नाही म्हणजे प्रिंटरच गेला, असं वाटलं.

उपाय एवढाच होता. प्रिंटरच्या बटणांवरून त्याचा पत्ता १९२.१६८.०.२०० केला, गेटवे १९२.१६८.०.१ घातला. तिसऱ्या जागी १ चं ० झालं आणि नऊ हजार रुपये पेटीत राहिले. सोमवारी ११ प्रस्ताव बँकेत गेले.

घरं किती, आणि दवंडी कुठे

२५५.२५५.२५५.० अशा गल्लीत घरं किती? शेवटचा आकडा ० ते २५५, म्हणजे २५६. पण त्यातली दोन वाटून देता येत नाहीत. ० हा नंबर गल्लीच्या नावासाठी राखलेला. आणि २५५ हा दवंडीचा नंबर. पूर्वी कोतवाल हलगी वाजवत दवंडी द्यायचा, ती कुणा एकाच्या दारात नसायची, सगळ्या गावाने ऐकायची. तसं २५५ ह्या नंबरावर पाठवलेलं गल्लीतल्या प्रत्येक यंत्राला ऐकू जातं. दोन वजा केले की उरतात २५४. आपल्या ऑफिसला, शाळेला, दूध संस्थेला ते मस्त पुरतात.

आता समजा, मोठ्या संस्थेला एकाच इमारतीत वेगवेगळ्या गल्ल्या पाडायच्या आहेत. हिशेबाचे संगणक वेगळे, मुलांचे शिकायचे संगणक वेगळे, पाहुण्यांचे मोबाईल वेगळे. अशा वेळी मास्कच्या शेवटच्या पारड्यात वजनं टाकायला सुरुवात करतात. नेहमी मोठ्या वजनापासून, मधलं एकही न गाळता. १२८ टाकलं तर गल्लीचे दोन भाग. १२८ आणि ६४ टाकलं तर बेरीज १९२, आणि गल्लीचे चार भाग. मास्क होतो २५५.२५५.२५५.१९२.

चार भाग असे: ० ते ६३, ६४ ते १२७, १२८ ते १९१ आणि १९२ ते २५५. प्रत्येकात ६४ नंबर, पहिला नावाचा, शेवटचा दवंडीचा, वाटायला उरले ६२. आता ७० नंबरचं घर आणि १०० नंबरचं घर एकाच गल्लीत आहेत. ७० आणि १३० मात्र वेगळ्या गल्लीत. सुरुवातीचे तिन्ही आकडे तेच असूनसुद्धा. हीच मास्कची करामत. वाटणीच्या वेळी एका वावरात बांध घालतात तसं हे आहे. जमीन तीच, पण बांध कुठे पडला त्यावर कुणाचं शेत किती ते ठरतं.

एक खुलासा करतो. बांध घातला म्हणजे कुलूप लागलं असं समजू नका. वेशीवरचा राऊटर दोन गल्ल्यांमध्ये निरोप नेऊ शकतो. पाहुण्यांच्या मोबाईलवरून हिशेबाच्या संगणकाकडे कुणी जाऊ नये असं वाटत असेल, तर तसा नियम राऊटरमध्ये वेगळा घालावा लागतो. पण गल्ल्याच वेगळ्या नसतील तर तो नियम घालायचा तरी कुठे? म्हणून आधी बांध, मग कुलूप.

कधी कधी कागदावर पत्त्यापुढे तिरकी रेघ आणि २४ असं लिहिलेलं दिसेल. घाबरू नका. तो मास्कच आहे, थोडक्यात लिहिलेला. तीन पारडी पूर्ण भरली, आठ त्रिक चोवीस. आणखी दोन वजनं टाकली की २६. बस्स.

जगाचे पत्ते संपले तेव्हा

तुमच्यातल्या कुणी म्हणेल, "आमच्या घरच्या वायफायचा नंबरसुद्धा १९२.१६८ नेच सुरू होतो. मग दोघींचा पत्ता एकच कसा?" प्रश्न रास्त आहे.

३२ वजनांतून एकूण ४,२९,४९,६७,२९६ पत्ते होतात. चारशे तीस कोटींच्या जवळपास. १९८१ मध्ये हे अमाप वाटलं असणार. त्यात सुरुवातीची वाटणीही ऐसपैस होती. तेव्हा गल्ल्या ठरावीक मापाच्याच मिळत. एकतर २५४ घरांची, नाहीतर थेट ६५,५३४ घरांची, नाहीतर त्याहून अफाट. तीनशे यंत्रं असलेल्या संस्थेला लहान गल्ली अपुरी पडायची, म्हणून ती मोठी घ्यायची आणि पासष्ट हजार नंबर पडून राहायचे. एका कुटुंबाला राहायला अख्खी वाडी देण्यासारखंच ते. ही नासाडी थांबवायला १९८५ मध्ये सबनेट पाडायचा, म्हणजे गल्लीत बांध घालायचा नियम आला. १९९३ पासून ठरावीक मापं सोडून देऊन हवी तेवढी गल्ली द्यायची रीत पडली. मास्क आपल्याला वाटतो किचकट, पण तो आला काटकसरीतून. आपण बचत गटवाल्या बायकांना ते सांगायला नको.

दुसरी काटकसर अशी की काही पत्ते घरगुती वापरासाठी सोडून दिले. १० ने सुरू होणारे, १९२.१६८ ने सुरू होणारे, आणि १७२.१६ पासून १७२.३१ पर्यंतचे. हे कुणीही आपल्या आवारात वापरावेत, पण आवाराबाहेर चालत नाहीत. प्रत्येक गावात मारुती गल्ली असते आणि तिच्यात ५ नंबरचं घर असतं, म्हणून काही घोटाळा होतो का? होत नाही, कारण आपापल्या गावात ते एकच असतं. बाहेर जाताना राऊटर घरगुती पत्ता काढून घेतो आणि इंटरनेट कंपनीकडून मिळालेला बाहेरचा पत्ता लावतो. उत्तर आलं की कुणासाठी आलंय ते ओळखून त्या यंत्राला देतो.

एवढं करूनही नंबर पुरले नाहीत. फेब्रुवारी २०११ मध्ये जगाच्या मुख्य साठ्यातले पत्ते वाटून संपले. त्याआधीच नवी पद्धत तयार झाली होती, आयपी सहावी आवृत्ती. तिच्यात ३२ ऐवजी १२८ जागा. त्या पत्त्यांत आकड्यांबरोबर अक्षरंही दिसतात. तुमच्या मोबाईलमध्ये असा लांबलचक पत्ता दिसला तर तो तोच. गल्ली आणि घर ही विभागणी मात्र त्याच्यातही आहे.

वारणेच्या काठाची आठवण

गावात संगणकांचं जाळं ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. तात्यासाहेब कोरे यांनी वारणानगरला सहकार उभा केला, त्या परिसरात १९९८ मध्ये केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणेच्या सहकारी संस्था यांनी मिळून 'वारणा वायर्ड व्हिलेज' हा प्रकल्प घेतला. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली ७० गावं त्यात होती. ऊस कधी तुटणार, वजन किती भरलं, पैसे किती जमा झाले, ह्यासाठी शेतकऱ्याने कारखान्यावर खेप घालायची ती आपल्या गावातल्या केंद्रावर बघून यायची, असा तो बेत. त्या काळी शहरातसुद्धा घरोघरी संगणक नव्हते.

पुढे २००७ च्या सुमाराला मायक्रोसॉफ्टच्या भारतातल्या संशोधन विभागाने सात गावांत, संगणकाऐवजी मोबाईलच्या एसएमएसवर तीच माहिती देऊन बघितली. गावोगावचे संगणक चालू ठेवणं जड जात होतं, हे त्यामागचं एक कारण.

आम्हाला ह्यातून एक गोष्ट दिसते. यंत्र गावात आणणं एक वेळ सोपं. ते चालू ठेवायला गावात जाणणारं माणूस लागतं. आज आपल्या ग्रामपंचायतीत सेवा केंद्र आहे, दूध संस्थेत संगणक आहे, गटांचे हिशेब संगणकावर जातात, बँक सखी यंत्र घेऊन दारोदार फिरते. दर वेळी शहरातून माणूस येईपर्यंत आपली कामं थांबणार असतील, तर यंत्र आपलं होत नाही. ते परक्याचंच राहतं.

आता कामाला लागा

शेवटी पाच गोष्टी सांगतो. लिहून घ्या.

पहिली. ऑफिसात एक वही करा. प्रत्येक संगणक, प्रिंटर आणि राऊटर यांच्या नावापुढे तीन रकाने: पत्ता, मास्क, गेटवे. बऱ्याच मोबाईलमध्ये सेटिंगमध्ये वायफायवर जाऊन जोडलेल्या नावाला टिचकी मारली की हे आकडे दिसतात. विंडोजच्या संगणकात शोधायच्या जागी सीएमडी लिहून काळी खिडकी उघडा, तिथे आयपीकॉन्फिग हा शब्द इंग्रजीत जोडून लिहा आणि एंटर दाबा. आकडे इंग्रजीत येतील. एक अंकही न चुकता उतरवा.

दुसरी. काही बंद पडलं की आधी वही काढा आणि गल्लीचे आकडे जुळतात का ते बघा. जुळत नसतील तर दुखणं सापडलं.

तिसरी. १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर त्या यंत्राला राऊटरने पत्ता दिलेलाच नाही असं समजा. केबल निघालीय का, राऊटर बंद आहे का, ते बघा.

चौथी. एका गल्लीत दोन यंत्रांना एकच नंबर देऊ नका. एकाच नंबरच्या दोन घरांत पोस्टमन जसा गोंधळतो तसं होतं, आणि मग दोन्ही यंत्रं अधूनमधून बंद पडतात. प्रिंटरला कायमचा नंबर द्यायचा असेल, तर राऊटर जे नंबर आपोआप वाटतो त्यांतला नको.

पाचवी. "तुमचा आयपी ॲड्रेस हॅक झालाय, पैसे भरा, ओटीपी सांगा," असा फोन कुणी केला तर फोन ठेवून द्या. पत्ता दुरुस्त करायला ओटीपी लागत नाही. पैसे गेलेच असतील तर वेळ न घालवता १९३० ह्या सायबर हेल्पलाइनला कळवा.

आमच्या ऑफिसात ती वही आता कर्जाच्या रजिस्टरशेजारी असते. परवा पुन्हा राऊटर बदलला. ह्या वेळी आम्ही कुणाला फोन केला नाही. झेरॉक्सचा प्रश्न विचारणाऱ्या त्या मावशी, शाळा चौथीपर्यंतच झालेली, चष्मा लावून वहीवर बोट ठेवून आकडे वाचत होत्या आणि लेखापाल ताई प्रिंटरची बटणं दाबत होती. तिसरा आकडा वाचून मावशी म्हणाल्या, "थांब गं, गल्ली बदललीय."

तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत वर्गणी गोळा झाल्यावर दहा मिनिटं काढा, मोबाईल उघडा आणि आपापली गल्ली कोणती ते एकमेकींना सांगा. एकाच वायफायवर असूनही कुणाची गल्ली वेगळी निघाली, तर आम्हाला जरूर कळवा. पुढच्या वेळी तिच्यावरच बोलू.